वाळकाचं बी

पिकलेलं वाळूक घरात लपत नाही. कणगीमागं ठेवा, घोंगडीखाली ठेवा, दारातून येणारं माणूस नाक वर करून विचारणारच, "वाळूक फोडलं का गं आज?" शहरातली माणसं त्याला काकडीची बहीण समजतात. समजू देत बापडी! कोवळ्या वाळकाच्या फोडीला तिखट-मीठ लावून आणि पिकलेल्याबरोबर गुळाचा खडा घेऊन ज्यांनी बांधावर बसून भाकरी खाल्ली नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मला एवढंच सांगायचंय की तो वास मी कितीतरी वर्षांत घेतलेला नाही, आणि आता घ्यावासाही वाटत नाही.

भादव्यात दत्ताचा फोन आला. दत्ता माझा धाकटा भाऊ. पाथर्डीच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथं तो, त्याची बायको सुरेखा आणि आमची आई असतात. मी लग्न होऊन कोपरगावला आले ती इकडचीच झाले.

"अक्का, आई जेवंना," दत्ता म्हणाला. "भाकरी पुढं केली की ताट सारती. नुसतं वाळूक वाळूक करती. तू ये बरं एकदा."

"मग आण की बाजारातून."

"आनलं हुतं. हुंगून बाजूला ठिवलं. म्हनली, हे न्हवं."

मीही शहाणी. कोपरगावच्या बाजारातून दोन-चार काकड्या आणि एक खरबूज पिशवीत घातलं आणि नगरमार्गे एसटीनं निघाले. आई ओसरीत खाटेवर पडली होती. डोळ्यांनी आता तिला फार दिसत नाही, पण नाक शाबूत आहे. मी काकडी तिच्या हातात दिली. तिनं ती दोन्ही तळहातांत धरून देठाकडून हुंगली आणि माझ्या मांडीवर परत ठेवली.

"हे न्हवं गं," ती म्हणाली. लहान मुलासारखे तिचे ओठ हलले. ज्या बाईनं कधी कुणाकडं काही मागितलं नाही, ती एका फळासाठी अशी झालेली मला बघवेना. मी मनात म्हटलं, काही झालं तरी हिला वाळूक खाऊ घालायचंच. घरात बी असेल, आता लावलं तरी दिवाळीपर्यंत फळ धरेल. आमच्या घरात बी नसेल असं कसं होईल?

मी सुरेखाला विचारलं. तिनं माळ्यावर चढून अडगळीतून भोपळा खाली काढला.

तो भोपळा ओळखायला मला वेळ लागला नाही. वाळवून पोकळ केलेला दुध्या, धुरानं काळा झालेला, गळ्याला काथ्याची दोरी. आमचं जुनं माळवदाचं घर होतं तेव्हा तो चुलीच्या वर तुळईला टांगलेला असायचा. त्याच्या पोटात राख, राखेत कडुनिंबाचा सुकलेला पाला आणि त्यात आमचं बी. तोंडात मक्याच्या कणसाचा तुकडा ठोकून वर शेणामातीनं लिंपलेलं. खाली भाकऱ्या व्हायच्या आणि धूर वर जाऊन भोपळ्याला लागायचा. किडा-मुंगी त्याच्या वाऱ्याला उभी राहायची नाही.

वेल असायचा परसात, न्हाणीच्या पाण्यावर. आमच्या वाळकाच्या अंगावर पांढरट रेघा असायच्या आणि पिकलं की ते तुकतुकीत पिवळं होऊन देठाशी तडकायचं. वेलाला फळं धरली की आई एक दिवस सकाळी लाल चिंधी घेऊन परसात जायची. सगळ्यांत चांगलं, सरळ, भरलेलं वाळूक निवडून त्याच्या देठाला चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते बियाचं. मग त्याला कुणी हात लावायचा नाही, वडिलांनीसुद्धा नाही. "चांगलं ते बियाला, वाकडं ते पोटाला," असं आई म्हणायची. आम्ही पोरं आपली वाकडी, कडू देठाची खाऊन त्या चिंधीवाल्याकडं बघत बसायचो. जीव जळायचा, पण काय बिशाद!

वेल वाळून काडी झाला की ते फळ घरात यायचं. कोपऱ्यात कडब्यावर चार दिवस पडून राहायचं आणि घर त्या वासानं भरून जायचं. रात्री गोधडीत तोंड घातलं तरी तो वास आत यायचा. मग एके दिवशी आई ते फोडायची, गर आम्हाला आणि बिया गाडग्यात. दोन दिवस त्या तशाच. वर फेस यायचा, आंबूस वास सुटायचा. नंतर पाणी ओतलं की पोचट बिया वर यायच्या आणि भरलेल्या खाली बसायच्या. वरच्या कोंबड्यांना. खालच्या राखेत चोळून, सुपात पसरून, सावलीला.

सावलीला, हे महत्त्वाचं. एकदा मी लवकर वाळावं म्हणून सूप उचलून ओट्यावर कडक उन्हात ठेवलं. आईनं येऊन असा धपाटा घातला की पाठीवर बोटं उठली.

"बी जित्तं असतंय गं भवाने," ती म्हणाली. "तापलं की मरतंय. तुला बशिवते का त्या उन्हात, मंग कळंल."

मग सूप सावलीत नेऊन तिनं बियांवरून हात फिरवला. इतक्या मायेनं की मला त्या बियांचा हेवा वाटला.

दसरा झाला की आमची आळी रिकामी व्हायला लागायची. माणसं ऊसतोडीला निघायची, बैलगाड्यांत भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं सगळं घालून. निघायच्या आदल्या संध्याकाळी बायका एकेक करून आमच्या दारात यायच्या. पदराखाली पुरचुंडी. कुणाचा घेवडा, कुणाची गवार, कुणाचं डांगर.

"तुझ्यापाशी असू दे बाई," म्हणायच्या. "फडावरच्या कोपीत पानी शिरतंय, समदं कुजून जातं."

आई प्रत्येकीच्या पुरचुंडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायची आणि तुळईला ओळीनं टांगायची. आळीत मग कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत इतकी शांतता असायची, आणि आमच्या चुलीवर मात्र सगळ्या आळीचं बी वाऱ्यानं हलत असायचं. माणसं परत आली की ज्याची त्याला मिळायची. कधी अदलाबदल नाही. मला वाटायचं, माझ्या आईवर सगळ्या गावाचा जीव ठेवलाय. अभिमानानं मी फुगून जायची.

आणि आमच्या वाळकाचं बी तर सगळ्यांना हवं असायचं. बियाला नाही म्हणू नये अशी रीत होती. मृग जवळ आला की मागणाऱ्या बायका यायच्या, आई त्यांना कुंकू लावायची, पाणी द्यायची, आणि म्हणायची, "उद्या पोरीबरुबर धाडते." दुसऱ्या दिवशी मी निघायची पुरचुंड्या वाटत. ही शेवंतामावशीची, शेजारच्या घरची. ही खालच्या आळीची. मला कोण कौतुक! कुणी शेंगदाणे हातावर ठेवायचं, कुणी गूळ.

शेवंतामावशीचं मात्र कधी उगवायचं नाही. ती येऊन उंबऱ्यात बसायची. "एकबी कोंब न्हाई गं आला औंदाबी."

"आळ्यात पानी लई झालं असंल," आई भाकरी थापता थापता म्हणायची.

"न्हाई बाई. तुझ्या हाताला गुन हाय, तो आमच्या कुठला?"

आई यावर नुसती हसायची. किती सुंदर दिसायची तेव्हा! चुलीचा उजेड तोंडावर आणि ते हसू.

माझं लग्न झालं. कोपरगावकडची माणसं, गोदावरीचं पाणी, काळी कसदार जमीन, चहूकडं ऊस. मांडवपरतणीला माहेरी आले आणि परत निघाले त्या सकाळी आईनं मला चुलीपाशी बोलावलं. ओटीत तांदूळ घातले, हळकुंड घातलं आणि वर एक पुरचुंडी ठेवली.

"तुझ्या दारात लाव," ती म्हणाली. "वेल चढला की माझी आठवन व्हईल."

मी तिच्या गळ्यात पडून जी रडले! दागिन्यांपेक्षा मला ती पुरचुंडी मोलाची होती. आईनं तिचं आईपण बांधून दिलंय असं मला वाटलं. नगर येईपर्यंत मी ती मुठीतून सोडली नाही.

सासूबाईंनाही आनंद झाला. त्यांनी स्वतः न्हाणीजवळ आळं करून दिलं, शेणखत घातलं. शेजारणींना सांगितलं, "सूनबाईच्या माहेरचं बी आहे, वाळूक कसलं असतं ते बघाच आता." मी रोज सकाळी उठून आधी आळ्यात बघायची. काही नाही. आज येईल, उद्या येईल. काही नाही. पुढच्या मृगात उरलेलं होतं नव्हतं ते सगळं लावलं, दुधाच्या पाण्यात भिजवून, देवाचं नाव घेऊन. माती जशीच्या तशी.

"नसतो एखादीच्या हाताला गुण," सासूबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या हो. मला त्या कधी टाकून बोलल्या नाहीत. पण नवरात्र आलं आणि घट बसवायचा झाला तेव्हा त्यांनी मातीत धान्य पेरायचं काम माझ्या हातून हलकेच काढून घेतलं. "तू आपली माळ कर बाळा, तुला छान जमते." घट नीट उगवला नाही तर वर्ष वाईट जातं, मग धोका कोण पत्करणार? मी झेंडूची माळ करत बसले. पुढच्या वर्षीही माळ. मग माळ हेच माझं काम झालं. सासूबाई गेल्या, तरी घट माझ्या जावेनं पेरायचा आणि माळ मी करायची. पोरं मोठी झाली, तीही म्हणायची, "मम्मी, तू नको लावू, पप्पांना लावू दे." सहज म्हणायची, हसत. मीही हसायची. कुंडीत आणलेलं रोप मी जगवायची, गुलाब जगवले, मोगरा जगवला. पण बी म्हणून एक दाणा नंतर कधी मातीत टाकला नाही. भीती वाटायची. बोट मातीत घालताना आपल्या हातात काहीतरी मेलेलं आहे असं वाटायचं.

आईला मी सांगितलं होतं. पहिल्या दिवाळीला गेले तेव्हाच. "आई, उगवलं नाही गं. दुसरं दे ना थोडं."

"औंदा बी कमी हाय," ती म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन, तळवा उलटा-सुलटा करून म्हणाली, "जमिनीचा गुन असतोय. आन हाताचाबी असतोय. न्हाई एखादीच्या. वाईट वाटून घिऊ नको."

माझ्या आईनं सांगितलं म्हटल्यावर मी ते खरंच मानलं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर भांडले असते.

तर सुरेखानं भोपळा काढला आणि स्वयंपाकघरात फरशीवर आपटून फोडला. आतून राख पडली, राखेत चाळण झालेली टरफलं. एकही बी धड नव्हतं.

"एक वरीस लावायचं ऱ्हायलं, मंग दुसरं," सुरेखा म्हणाली. "आता परसात फरशी टाकली. लावायचं तरी कुठं? पुडीतलं हायब्रीड आनतो आमी, रानात लावतो."

"अगं, मग गावात कुणाकडं तरी असेल. आई तर सगळ्या गावाला द्यायची. शेवंतामावशीच्या सुनेकडं विचारूया, नाहीतर खालच्या आळीला."

सुरेखा फिस्सकन हसली. "आवो अक्का, गावात कुठलं असनार? आत्याबाईंनी कुनाला जित्तं बी दिलंय कधी?"

"म्हणजे?"

"म्हंजे तव्यावरून फिरवून द्यायच्या की! तुमाला ठावं न्हाई व्हय?" ती राख सुपलीत भरत होती, माझ्याकडं तिचं लक्ष नव्हतं. "मी नवी हुते तवा माझ्या आईला थोडं न्यावं म्हनून काढलं, तर माझा हात धरला. म्हनल्या, आदी तव्यावर घाल. रंग बदलू द्यायचा न्हाई, चटका बसंल येवढंच. घरचं बी घराभाईर जित्तं जाऊ द्यायचं न्हाई. म्हनल्या, पोटच्या लेकीलाबी म्या तसंच दिलंय, तुझी आई कोन लागून गेली?"

एवढं बोलून तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

मी भिंतीला टेकून बसले. मला ती सकाळ आठवली. ओटीतली पुरचुंडी कोमट होती. मी ती गालाला लावली होती. मला वाटलं होतं, आईच्या हाताची ऊब आहे.

केसानं गळा कापणं म्हणतात ते आजवर मी नुसतं ऐकलं होतं. अगं बाई, परक्यानं कापला असता तर मी ओरडले तरी असते! मी उन्हात सूप ठेवलं तर पाठीवर बोटं उठेपर्यंत मारणारी तू, बी जित्तं असतंय म्हणणारी तू, आणि माझ्यासाठी तवा तापवलास? कुंकू लावून, ओटी भरून, रडून? आणि मी त्या मढ्याला रोज पाणी घालत होते.

सगळ्यांत वाईट काय झालं सांगू? माझं बालपण नासलं. माझ्याकडं दुसरं होतं काय? कडब्यावरचं वाळूक, गाडग्यातला आंबूस वास, चुलीवर हलणाऱ्या पुरचुंड्या, यांच्यावर मी परमुलखात दिवस काढले. आता त्यातलं एकेक आठवायला जावं तर मध्ये तवा येतो. शेवंतामावशी उंबऱ्यात बसून स्वतःच्या हाताला दोष द्यायची आणि आई हसायची. ते हसू मी सुंदर म्हणत होते. पुरचुंड्या वाटायला जाणारी पोर मीच, आणि लोक माझ्या हातावर गूळ ठेवत होते. ऊसतोडीवाल्यांच्या ठेवीचं काय, ते तरी तिनं जसंच्या तसं परत दिलं का? सुरेखाला ते माहीत नव्हतं. बहुतेक दिलं असेल. पण आता बहुतेकच म्हणावं लागतं.

ओसरीत गेले तेव्हा आई जागी होती. माझी चाहूल लागताच म्हणाली, "न्हाई ना घावलं?"

"नाही."

मग कोपरावर उठायचा प्रयत्न करत म्हणाली, "तुझ्याकडं असंल की गं. तुला दिलं हुतं बघ म्या, मांडवपरतनीला."

ती विसरली होती की मला अजून खेळवत होती, मला कळेना. पण माझ्याच्यानं राहवलं नाही.

"आई, ते तू तव्यावरून फिरवून दिलं होतंस."

ती जागच्या जागी थांबली. परत आडवी झाली. दाव्याला बांधलेली शेळी ओरडत होती, तिकडं तिनं मान फिरवली.

"सुरेखीनं सांगितलं व्हय."

"खरं आहे का ते?"

"तुमच्याकडं काळी जमीन," ती म्हणाली. "बारमाही पानी. तिकडं गेलं असतं तर चार सालात समदी म्हनली असती, कोपरगावचं वाळूक. माझं काय ऱ्हायलं असतं? जमीन तुझ्या बापाची, घर सासऱ्याचं. येवढं एक बी माझं हुतं. त्याच्यापायी बाया माझ्या दारात येत हुत्या."

"मी पण तुझीच होते ना!"

"लेक लोकाची असती."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. पाऊस पश्चिमेकडून येतो म्हणावं तसं म्हटलं. त्यामुळंच मला जास्त लागलं.

"मग माझ्या हाताला गुण नाही असं का म्हणालीस? माझा हात धरून म्हणालीस. मला आजपर्यंत कुणी घट पेरू दिला नाही, आई."

"मंग काय म्हनू?" ती म्हणाली. "भाजून दिलंय म्हनू?"

मी तिच्याकडं बघत राहिले. एवढीशी झालीये ती. खाटेत कुणी आहे हे गोधडी हलली तरच कळतं. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही, खोटं कशाला सांगू. दिवसभर उपाशी होती, तरी आली नाही. मी उठायला लागले तेव्हा तिनं अंदाजानं हात पुढं करून माझा पदर धरला.

"घाईत फिरवलं हुतं गं," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला. "भाईर तुझा नवरा गाडी लावून हुबा हुता. समदं थोडंच भाजतंय? एखादं कच्चं ऱ्हातंच. घरी जाऊन बघ. फडक्याच्या घडीत असंल एखादं अडकल्यालं. बघ तरी."

"काही नाही, आई. मी सगळं पेरलं."

"समदं?"

"सगळं. दोन मृगांत. फडकं झटकून. तू दिलं होतंस ना."

पदरावरची तिची मूठ सैल झाली. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

"एक तरी ठिवायचं हुतंस," ती म्हणाली.